कालिया छाप शाईचे खोके

हे सारे घडायला सुरुवात झाली १९४३ साली. त्या वर्षी सातारा जिल्ह्यात रॉकेल मिळत नव्हते, कागद मिळत नव्हता, साखर मिळायची ती रेशनच्या रांगेत ताटकळून, आणि विलायती शाई तर अशी नाहीशी झाली होती, की जणू तिलाही कुणी लढाईवर भरती करून नेले असावे. मग ज्याच्या घरी म्हणून एक पातेले रिकामे होते तो शाई करू लागला. या घरगुती शाया लिहिताना काळ्या दिसत, वाळल्या की तपकिरी होत आणि पावसाळी हवा लागली की कागदावरून निघून जात. सरकारी कामकाजात त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

सांगलीच्या आकाराम मोहित्याची शाई मात्र खरोखर चांगली होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे रामायण झाले त्यात शाईचा काडीइतकाही दोष नव्हता. लष्कराच्या डेपोतली कारकुनी सोडून आकाराम घरी आला होता आणि हिरडा, हिराकस नि डिंक यांचे प्रमाण त्याने असे जमवले होते, की धोतरावर पडलेला त्या शाईचा डाग धोतराबरोबरच जायचा. उणीव एकच होती. बाटलीला खोके नव्हते. दुकानदार ती वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. इस्लामपुरात एका गृहस्थांनी ती खोकल्याचा काढा म्हणून नेली होती. सुदैवाने त्यांच्याकडून बूच निघाले नाही.

तेव्हा खोके हवे, आणि खोक्यावर चित्र हवे. आकारामच्या मनात टाक आणि दौत एवढेच होते. तेवढे त्याने सांगलीतल्या कुणाही पाट्या रंगवणाऱ्याकडून करून घेतले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्याची थोरली बहीण सुलाबाई साताऱ्यात दिलेली, आणि तिचे यजमान नानासो निकम हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. घरात चित्रकार असताना बाहेरच्याकडे गेलो तर दाजींना काय वाटेल, असा विचार करून भाऊबिजेला साताऱ्याला आलेल्या आकारामने विषय काढला.

नानासो कित्येक वर्षे मुलांना तांब्या, पेला आणि अर्धे सोललेले केळे काढायला शिकवीत होते. त्यांचा हात चांगला होता हे सबंध साताऱ्याला माहीत होते, आणि म्हणूनच गावातले सगळे फुकटचे काम त्यांच्याकडे यायचे. 'येथे थुंकू नये' ही पाटी त्यांची. 'जोडे बाहेर काढावेत' हीसुद्धा त्यांचीच. मेळ्याचा पडदा, तालमीतला मारुती, लग्नघरच्या भिंतीवरचे हत्ती, सगळे त्यांनी काढलेले, आणि यातल्या एकाही कामावर त्यांची सही नव्हती. पाटीखाली नाव घालू का, म्हणून त्यांनी एकदा विचारले होते. तसे केले तर लोक नेमके तिथेच थुंकतील, असे हेडमास्तरांचे मत पडले. आपल्या चित्राखाली आपले नाव एकदा तरी छापून यावे आणि चार गावांतल्या लोकांनी ते वाचावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. सुलाबाईंना ती न बोलताच कळली होती, कारण घरात आलेल्या वाण्याच्या प्रत्येक पुडीवर सहीचा सराव केलेला असायचा.

"दाजी, एक टाक काढा, एक दौत काढा. बास झालं," आकाराम म्हणाला.

"टाक आणि दौत पेंटर काढतो," नानासो म्हणाले. "मी विचार करतो."

त्यांनी विचार केला नसता तर फार बरे झाले असते.

ओवाळताना सुलाबाईंनी मात्र आपले काम चोख केले. आकारामने ताटात घालायला हात पुढे केला तो त्यांनी तिथेच अडवला. "ताटात काय घालू नगंस," त्या म्हणाल्या. "खोक्यावर ह्यांचं नाव छापायचं. आन् कायबी झालं तरी ते काढायचं न्हाई. हीच माजी ओवाळणी." आकारामने निरांजनाला हात लावून हो म्हटले. नानासो शेजारच्या खोलीत बसून, आपल्याला काही ऐकू आले नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करीत होते.

सरस्वती आणि गणपती हे विषय त्यांनी सुरुवातीलाच बाद केले. गणपती पाटीवर होता, पेन्सिलीवर होता, उदबत्तीवर आणि तपकिरीच्या डबीवरही होता. त्यांना पुराणातला असा प्रसंग हवा होता, की ज्यात मुळातच शाई असेल. समुद्रमंथनाचा विचार झाला. पण इतके देव आणि इतके दानव पुठ्ठ्यावर उभे करायचे म्हटल्यावर बाटली ठेवायला जागा उरेना. शेवटी एका सकाळी ते सुलाबाईंपुढे येऊन उभे राहिले आणि कालियामर्दन, असे म्हणाले. कालियाच्या विषाने यमुनेचा डोह काळा झाला, तो डोह म्हणजे शाई. त्याच्यावर नाचतो तो कृष्ण म्हणजे विद्या. सुलाबाईंनी भाजी चिरता चिरता, म्हणजे पोरे विषाने लिहिणार का, एवढेच विचारले. याला कल्पना म्हणतात, असे सांगून नानासो निघून गेले.

कालियासाठी त्यांनी सुलाबाईंचे धुतलेले लुगडे पिळून अंगणात त्याचे वेटोळे घातले. ओल्या कापडाला सापाची चकाकी येते म्हणून ते वाळू द्यायचे नाही, असा हुकूम होता. त्यामुळे संसारातले एक चांगले नेसते लुगडे महिनाभर अंगणात पाणी पीत पडले. कृष्णासाठी माणूस शोधावा लागला नाही. शेजारचे हरिबा हे पलटणीतले पेन्शनर हवालदार. एका पायावर आपण कितीही वेळ उभे राहतो, असे सांगत ते आपण होऊन आले आणि झुपकेदार मिशांसकट पालथ्या उखळावर चढले. बासरीच्या जागी हातात चुलीची फुंकणी दिली.

हरिबांना चित्रापेक्षा कवायतीची काळजी जास्त. डाव्या पायाआधी उजवा पाय पडला तर तो कृष्ण कसला, असा त्यांचा सवाल होता. पलीकडच्या भामाबाई, ज्यांना आळीत कुणी सल्ला विचारत नसे आणि ज्या कधी दिल्यावाचून राहत नसत, त्यांना कृष्ण फार वाळलेला वाटला. लोण्यावर वाढलेल्या पोराच्या बरगड्या दिसतात कशा, असे त्यांनी सुलाबाईंना विचारले, आणि विचारताना सुलाबाईंच्या स्वयंपाकाकडे अशी नजर टाकली, की सुलाबाईंनी त्याच दिवशी नानासोंना कृष्णाच्या अंगावर थोडे मांस चढवायला लावले. दुसऱ्या दिवशी हरिबांनी, असली ढेरी पलटणीत चालत नाही, असे म्हणून ते उतरवले. आळीतली मते फिरतील तशा कृष्णाच्या बरगड्या दिसत आणि झाकत गेल्या.

एवढे होऊनही चित्र सुरेख उतरले, हे कबूल करायला हवे. झाकणावर कृष्ण, दर्शनी बाजूला फणा उभारलेला कालिया, सगळ्या कडांनी फिरलेली यमुना आणि हात जोडलेल्या चार नागपत्नी. मोरपिसाखालचा चेहरा मात्र, परेडमध्ये कुणाचे तरी बटण मळलेले सापडावे तसा झाला होता. ते नानासोंना दिसत नव्हते. खालच्या कोपऱ्यात 'नानासो निकम, सातारा' अशी सही होती, आणि ती नागपत्नींपेक्षा जराशी मोठी होती.

आता पुठ्ठा. लढाईमुळे पुठ्ठ्याला परवाना लागायचा. परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनाने चित्र उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले, आणि चित्र आहे त्या अर्थी पोलिसांनी पाहिले पाहिजे, असे ठरवले. ते दिवसच तसे होते. चळवळ चालू होती, माणसे भूमिगत होती, आणि हाती लागेल तो छापील कागद पोलीस दिव्यावर धरून वाचत. फौजदारसाहेबांनी चित्र टेबलावर ठेवले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि सापावर बोट ठेवले.

"हा कोण?"

"कालिया, साहेब."

"राहणार?"

"यमुनेत."

"जिल्ह्याच्या हद्दीत नाही ना?"

नाही, असे नानासोंनी सांगितले. पण साहेबांचे समाधान झाले नाही. लष्करी चेहऱ्याचा एक इसम कुणाला तरी तुडवतो आहे आणि तुडवला जाणाऱ्याच्या डोक्यावर मुकुटासारखे काही चमकते आहे, हे त्यांना बरे दिसेना. तो मुकुट नसून नागाचा मणी आहे, असे नानासोंनी सांगून पाहिले. मणी पुसावा लागला. मग साहेबांनी चित्रातली डोकी मोजली. त्या वेळी साताऱ्यात पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमायला बंदी होती, आणि इथे कृष्ण, कालिया आणि चार बायका मिळून उघड उघड जमाव होत होता. नाग माणसांत धरायचे की नाही, यावर साहेबांनी थोडा वेळ प्रामाणिकपणे विचार केला. शेवटी जोखीम नको म्हणून दोन नागपत्नी काढायला सांगितल्या. नानासोंनी त्या तिथेच, सरकारी टेबलावर, स्वतःच्या हाताने पुसल्या. घाईत एकीचे जोडलेले हात पाण्यावर तसेच राहून गेले. पुढे पाहणाऱ्या सगळ्यांना ते कमळ वाटले आणि चित्रातल्या त्या कमळाची फार तारीफ झाली.

शिक्का घेऊन नानासो सांगलीला निघाले. पेट्रोलच्या टंचाईने मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे सपाटीवर मोटार उतारूंना नेई आणि चढावर उतारू मोटारीला. चित्र पंच्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतले होते. सांगलीला उतरेपर्यंत ते स्वतः कालियाच्या रंगाचे झाले, पण चित्राला डाग लागला नाही. पुढचा घोटाळा मात्र धुऊन निघणारा नव्हता. सांगली हे तेव्हा संस्थान. तिथल्या कचेरीत म्हातारे कारकून चष्मा पुसून म्हणाले, की हा शिक्का इंग्रजी मुलखातला. आमच्या हद्दीत कालियाला वेगळी परवानगी घ्यावी लागेल. शिवाय ते पडले भाविक. चित्र पाहून त्यांना नागपत्नी कमी वाटल्या. कथेत तर पुष्कळ आहेत, बाकीच्या कुठे गेल्या, असे त्यांनी विचारले.

"दोघी साताऱ्यात राहिल्या," नानासो म्हणाले. दमलेल्या माणसाच्या तोंडून खरे उत्तर चटकन निघते.

या सगळ्यातून वाचलेले चित्र अखेर अल्लाबक्ष यांच्या छापखान्यात पोचले. पायाने चालवायचे छपाईयंत्र, भिंतीला टेकलेली कागदाची रिमे आणि स्वतः अल्लाबक्ष, एवढा तो छापखाना. पण लग्नपत्रिका छापाव्यात तर अल्लाबक्ष यांनीच, असे सांगलीत म्हणत. चित्र पाहून ते हरखले. त्यांनी कोल्हापुरातून जस्ताचा ब्लॉक करून आणला आणि कुणी न सांगता सोनेरी भुकटीची किनार घातली. बाटल्या पळवून त्यांत भलतीच शाई भरतील, या भीतीने आकारामने झाकण सगळ्या बाजूंनी चिकटवून टाकायचे ठरवले. अल्लाबक्ष यांनी त्यासाठी गव्हाच्या पिठाची अशी दाट खळ केली, की रेशनच्या दिवसांत पुष्कळ घरी पोळ्यासुद्धा तितक्या चांगल्या होत नव्हत्या. पहिले खोके तयार झाले तेव्हा तिघेही कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. ते उघडायचे झाले तर कृष्णाला कमरेतून फाडावे लागेल, ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडाला, माल बाजारात गेला. लोणंदपासून जतपर्यंत सगळा हातोहात संपला. नानासोंच्या चालण्यात फरक पडला. ते साताऱ्यातल्या दुकानांत उगीचच जाऊ लागले, इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर शेल्फाकडे बोट दाखवू लागले आणि हे चित्र कुणाचे हो, असे विचारू लागले.

"देवाचं," दुकानदार सांगायचा.

आकाराम दुसऱ्या मागणीची वाट पाहत बसला. मागणी आली नाही. शाई संपायला किती दिवस लागतात याचा त्याने हिशेब केला, पाऊस ओसरायची वाट पाहिली, आणि शेवटी सायकल काढून स्वतः हिंडायला निघाला. इस्लामपूरच्या दुकानात खोके गल्ल्यावरच्या कोनाड्यात होते आणि त्यापुढे उदबत्ती जळत होती. एका हेडमास्तरांच्या घरी ते देव्हाऱ्यात, खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी होते. जतच्या दुकानदाराने तर आकारामला आधी हातपाय धुऊन यायला सांगितले. खोके कुणीही फोडले नव्हते. देवाला कमरेतून फाडून त्याच्या पोटातून शाई काढायची, हा विचारच कुणाला सहन होईना. एका वकिलाच्या गुमास्त्याने तो सहन केला होता. पुढे त्याच्या पायाला नारू झाला, आणि ही बातमी शाईपेक्षा कितीतरी वेगाने सगळीकडे पोचली होती. सगळे जण जुन्याच तपकिरी शाईने लिहीत होते. जाता जाता एका शिक्षकांनी आकारामला बाजूला घेऊन, देव वगळून नुसती शाई मिळेल का, असे हळूच विचारले.

तरी हे अपयश निदान पूजेच्या मानाचे होते. ते तसेच राहिले असते तर नानासोंना चालले असते. पण उंदरांना अल्लाबक्ष यांच्या खळीचा वास लागला. घरोघरी खोक्यांचे कोपरे कुरतडले गेले. कुठे कृष्णाचा अंगठा गेला, कुठे मोरपीस. आता भंगलेला देव काही घरात ठेवत नाहीत आणि उकिरड्यावरही टाकत नाहीत. त्याला वाहत्या पाण्यात पोचवतात. खोके फोडून बाटली तेवढी काढून घ्यावी, तर फोडायचे कसे, हा जुना प्रश्न होताच. तेव्हा अनंत चतुर्दशीला सांगलीकरांनी गणपतीबरोबर कृष्णेच्या घाटावर कालिया छाप शाईचेही विसर्जन केले. बाटलीसकट.

त्याच दिवशी नानासो सांगलीत होते. आकारामच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने त्यांचा चित्रकार म्हणून सत्कार ठेवला होता. गळ्यात हार, हातात नारळ, अंगावर शाल, असे ते मिरवणुकीबरोबर घाटावर आले. बाटल्या पाण्यात पडण्याऐवजी दगडी पायऱ्यांवर पडत होत्या. शाई चांगली होती, हे आधीच सांगितले आहे. घाटाची खालची बाजू काळीशार झाली होती, आणि त्या बाजूला शालूबाई नावाच्या एक बाई पाहुणे आलेल्या एका घरची धुणी घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. पांढरी धोतरे होती, जावयाचा शर्ट होता. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी तरंगत आलेले एक खोके उचलले आणि सुनेपुढे धरले. सुनेला वाचता येत होते.

"ना-ना-सो नि-क-म, सा-ता-रा," सून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली.

नानासोंची सही कुणीतरी वाचावी ही इच्छा त्या क्षणी पुरी झाली. सगळा घाट ऐकत होता. हा निकम कोण, असे शालूबाईंनी विचारले आणि मंडळाच्या उत्साही मंडळींनी हार घातलेल्या पाहुण्याला पुढे ढकलले.

शालूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आवं मास्तर," त्या म्हणाल्या, "कालिया तिकडं गोकुळात बरा हुता की. आमच्या घाटावर कशाला आणलासा?"

मेव्हण्याच्या घरी आल्यावर नानासोंनी शाल काढली आणि खोक्यावरून माझे नाव काढ, असे आकारामला सांगितले. आकाराम खाली मान घालून पायाचा अंगठा पाहू लागला.

"दाजी, ती ओवाळणी हाय. आक्काला इचारा."

साताऱ्याला येऊन त्यांनी सुलाबाईंना विचारले. सुलाबाईंनी सगळे ऐकून घेतले, शाल घडी करून पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "ओवाळणी कुणी माघारी देतंय व्हय? नाव ऱ्हाणार."

तेव्हा नाव राहिले आणि कृष्ण काढायचे ठरले. अल्लाबक्ष यांनी बारीक करवतीने ब्लॉक कापला. कृष्णाचा तुकडा त्यांनी फेकला नाही, स्वच्छ फडक्यात बांधून उंच फळीवर ठेवला. नव्या खोक्यावर नुसता कालिया राहिला. त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरल्यामुळे तो आता फार प्रसन्न दिसत होता. सातारकरांनी त्याला घरात घेतलेच नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या पुढ्यात साप कोण ठेवील, असे भामाबाईंनी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकले. एका गावातून मात्र भराभर मागणी येऊ लागली. ते गाव शिराळा. आकारामचा आनंद मावेना. पंचेचाळीसच्या नागपंचमीला तो स्वतः माल घेऊन तिकडे गेला. तिथे जिवंत नाग घरोघर पूजले जात होते आणि त्यांच्या रांगेत पाटावर कालिया छाप शाई होती, पुढे लाह्या आणि दूध. कुणीही खोके फोडले नव्हते. नागाला फाडायचे म्हणजे काय चेष्टा आहे, असे एका म्हातारीने आकारामलाच विचारले.

आकाराम परत आला आणि कालियाही कापला गेला. पाठोपाठ नागपत्नी गेल्या. उरली यमुना. तिच्यावरच्या लाटा आणि ते कमळ बरे दिसत होते, पण यमुना झाली तरी गंगेची बहीण, तिला पायदळी कोण टाकणार, अशी शंका भामाबाईंनी काढली. आता कुणाला वाद घालायचे त्राण उरले नव्हते. नानासो त्या दिवशी छापखान्यातच होते. आपल्या चित्राची यमुना जस्ताचा भुगा होऊन जमिनीवर पडताना त्यांनी पाहिली. करवत थांबली तेव्हा अल्लाबक्ष यांच्या चिमटीत एक लहानशी पट्टी राहिली होती. तिच्यावर 'नानासो निकम, सातारा' एवढेच होते.

"आता काय काळजी न्हाई, मास्तर," अल्लाबक्ष मनापासून म्हणाले. "ह्येला कोण हात जोडणार?"

एवढ्या मोठ्या खोक्याच्या कडेला ती पट्टी एकटी बरी दिसेना, म्हणून त्यांनी ती मधोमध छापली. बरोबर जिथे खोके फाडायचे तिथे.

माल असा खपला की आकारामला चुलीवर आणखी पातेली चढवावी लागली. कचेऱ्यांत, शाळांत, पेढ्यांवर तेच खोके दिसू लागले, आणि फोडताना कुणाचाही हात थबकला नाही. गिऱ्हाईक कालियाला विसरून निकम शाई मागू लागले. चार गावांतल्या लोकांनी नाव वाचावे, ही नानासोंची इच्छा. ती चार जिल्ह्यांत पुरी झाली. वर्गात गेले की बाकाखाली 'नाना' पडलेले असे आणि दाराजवळ 'सो निकम, सातारा'. त्यांच्या दारात बाटल्या घेऊन माणसे यायची. शाईत गुठळ्या झाल्या, शाई पातळ निघाली, बूच निघत नाही. मी चित्रकार आहे, असे ते सुरुवातीला सांगत. लोक रिकाम्या खोक्याकडे पाहत आणि मग त्यांच्याकडे पाहत. पुढे पुढे ते मुकाट्याने बूच काढून देऊ लागले.

फौजदारसाहेबांना बढती मिळाली आणि स्वराज्य आल्यावर तेच साहेब झेंडावंदनाला पुढच्या रांगेत बसू लागले. सांगलीचे संस्थान विलीन झाले, त्याबरोबर म्हातारे कारकूनही पेन्शनीत गेले. साताऱ्यात राहिलेल्या दोन नागपत्नींची चौकशी त्यांनी जाईपर्यंत सोडली नाही. हरिबा शेवटपर्यंत, आपण एकदा कृष्ण होतो, असे सांगत राहिले आणि मिशांमुळे कुणाला ते पटले नाही. भामाबाई पुष्कळ जगल्या आणि जगताना बोलल्या. आकारामने शाईवर घर बांधले. बॉलपेन आले तेव्हा त्याने कारखाना मोडून त्या जागी पिठाची गिरणी घातली. अल्लाबक्ष यांनी फडक्यातला कृष्ण एक दिवस खाली काढला आणि लग्नपत्रिकांवर छापायला सुरुवात केली. तो इतका लोकांच्या मनात बसला, की पुढे कित्येक वर्षे त्या भागात त्या कृष्णावाचून लग्न होत नसे. त्याच्याखाली कुणाचे नाव नव्हते. एकदा वाळव्याकडच्या एका लग्नात नानासोंनी शेजारच्या पाटावरच्या पाहुण्यांना पत्रिका दाखवली आणि हा कृष्ण माझा, असे धीर करून सांगितले. पाहुण्यांनी नाव विचारले. ऐकून त्यांचा चेहरा उजळला. तुमची शाई फार चांगली होती, असे ते म्हणाले आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारून नानासोंच्या पानात आग्रहाने आणखी वाढायला लावले.

नानासो साठीच्या सुमाराला गेले. नंतर एकदा घर आवरताना सुनेला सुलाबाईंच्या पेटीत, शालीच्या घडीत, पहिल्या छपाईचे एक खोके सापडले. सोनेरी किनार, कृष्ण, कालिया, सगळे जसेच्या तसे. बाटलीसुद्धा आत होती. उंदरांचा दात लागला नव्हता. देवाचे आहे तर देव्हाऱ्यात ठेवू का, असे सुनेने विचारले.

"देवासाठी न्हाई ठेवलं गं," सुलाबाई म्हणाल्या आणि खोके तिच्या हातातून परत घेऊन त्यांनी शालीत गुंडाळले. "देव काय, कुठंबी हाय. चित्राखाली ह्यांचं नाव हाय, असं येवढं एकच ऱ्हायलंय."